बारापट्टी

"सर, बारापट्टी हे नाव मुळात चुकलंय," औटी मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉप त्यांनी माझ्याकडे वळवला.

त्यांचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, गोळ्यांची पाकिटं आणि माझं पुस्तक. 'हिवरढोक परिसराचा इतिहास', पानं एकशे साठ. त्यात खुणेसाठी एसटीच्या तिकिटांचे तुकडे घातले होते, वीस-पंचवीस तरी असतील. आत आल्याआल्या मी ते पाहिलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

"चुकलंय म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही लिहिलंय, बारा बलुतेदारांना दिलेल्या जमिनीच्या बारा पट्ट्या, म्हणून बारापट्टी. हे बघा. इंग्रजांच्या काळातली मोजणीची यादी. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं पानं न् पानं इंटरनेटवर ठेवलीत. आपल्या गावाची दोन आहेत. इथं वाचा."

झोकदार इंग्रजी हस्ताक्षरात एका ओळीवर लिहिलं होतं: बारव पट्टी.

"इंग्रजांचा कारकून तो," मी म्हणालो. "त्याला बारा काय आणि बारव काय. ऐकलं तसं लिहिलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मग नकाशा शोधला."

हिवरढोकच्या हायस्कूलमध्ये मी इतिहास शिकवायचो. औटी मॅडम, शैलजा औटी, आमच्या गावच्या पोस्टमास्तर. जानेवारीत त्यांची स्कूटी घाटाच्या वळणावर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पुण्यातल्या मुलीनं तिचा जुना लॅपटॉप आणून दिला. वेळ जावा म्हणून त्यांनी आधी माझं पुस्तक वाचलं आणि पुस्तकातली ठिकाणं इंटरनेटवर शोधायला लागल्या. मला बोलावणं आलं ते त्यानंतर सव्वीस दिवसांनी.

त्यांनी नकाशा उघडला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला, टेकड्यांच्या बारीक रेघांनी भरलेला. बारापट्टी ज्यात येते त्या गवळीमाळावरून दुहेरी ठिपक्यांची एक वाट गेली होती आणि वाटेच्या कडेला एक लहानसं वर्तुळ होतं.

"ही माल वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांची वाट असणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकात ती गावाच्या पूर्वेकडून गेलीय. इथं पश्चिमेकडून आहे. आता बघा हं."

त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. जुना नकाशा विरळ झाला आणि त्याच्याखालून आजची शेतं वर आली. उपग्रहातून काढलेला फोटो होता तो. ठिपक्यांची वाट शेतांच्या बांधांवर अशी बसली, की जणू बांध त्या वाटेवरूनच टाकले होते. ओढ्यापाशी वाट वळत होती, तिथं बांधही वळत होता. आणि जिथं वर्तुळ होतं, तिथं बोरी-बाभळींच्या झुडपांत एक चौकोनी काळपट डाग होता.

"बारव. पायऱ्यांची विहीर," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "असेल ना, सर?"

त्यांचा चेहरा उजळला होता. पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरी असा चेहरा घेऊन माझ्याकडे येत. मी म्हणालो, "बघावं लागेल."

घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. बावीस वर्षं मी हा परिसर पायाखाली घातला होता. अकरा उन्हाळे फक्त त्या तांड्यांच्या वाटेसाठी. एकदा ऊन लागून दोन दिवस सलाइनवर होतो, एकदा धनगराच्या कुत्र्यानं पोटरी फोडली. पूर्वेकडची वाट मला एका म्हाताऱ्यानं दाखवली होती आणि ती मी पावलं टाकून मोजली होती. आणि ही बाई! खाटेवर पडल्यापडल्या, पायाखाली दोन उश्या घेऊन.

फेब्रुवारीच्या अखेरीस शाळेत विज्ञान दिन होता. मुख्याध्यापक झावरे सरांना कुणीतरी मॅडमच्या नकाशांबद्दल सांगितलं होतं. मॅडमना येता येणार नव्हतं, म्हणून झावरे सरांनी युक्ती काढली. मॅडम घरून फोनवर बोलतील, आवाज स्पीकरवर लागेल आणि चित्रं पडद्यावर दिसतील. चित्रं पुढे सरकवायला लॅपटॉपपाशी कुणीतरी हवं होतं.

"गाडिलकर सर, तुम्हीच बसा. विषयातले आहात," झावरे सर म्हणाले.

तर मी बसलो. सातशे मुलं, पहिल्या रांगेत सरपंच, आणि स्पीकरमधून मॅडमचा आवाज येत होता, "सर, पुढचं चित्र." मी बटण दाबायचो. "सर, एक मागे घ्या." मी मागे घ्यायचो. जुना नकाशा विरघळून शेतं वर आली, तेव्हा सगळ्या मुलांनी "ओऽऽ" केलं. बावीस वर्षांत माझ्या तासाला कुणी कधी "ओ" म्हटलं नव्हतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "हे सगळं गाडिलकर सरांच्या पुस्तकामुळे झालं. सर नसते तर मला काही सुचलंच नसतं." टाळ्या झाल्या. झावरे सर माझ्या पाठीवर थाप मारून माइकवरूनच हसले, "बघा सर, तुम्ही जन्मभर चपला झिजवल्या, मॅडमनी खाटेवरून महिनाभरात उरकलं!"

सगळे हसले. मीही हसलो.

"तुम्हाला आनंद नाही का झाला?" सिंधूनं, माझ्या बायकोनं, जेवताना विचारलं. "सगळ्यांसमोर नाव घेतलं की त्यांनी तुमचं."

"भाजीत मीठ जास्त झालंय," मी म्हणालो. झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "सर, एक विनंती आहे. ती जागा कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवी. मला तर उठता येत नाही. आणि खरं सांगू का, मला आलं असतं तरी काही कळलं नसतं. दगड बघून सांगणारी नजर तुमचीच. तुम्ही जाऊन याल?"

रविवारी सकाळी मी गवळीमाळावर गेलो. ते शेत नाथू ठुबे यांचं. सगळे त्यांना नाथाबाबा म्हणत. सत्तरीचा, काटक माणूस. शाळेची पायरी चढलेला नव्हता. दुष्काळाचं वर्ष होतं, शेत उघडं पडलेलं. त्यांनी कोयत्यानं झुडपं बाजूला करून मला वाट दिली.

"हितं काय बघायचंय, सर? खड्डा हाय निस्ता. बापजाद्यांपासून शेतातलं दगडगोटं आमी ह्याच्यातच टाकतो."

मी कडेला बसलो आणि खाली पाहिलं. दगडगोट्यांच्या वर घडीव दगडांच्या पायऱ्या दिसत होत्या. एकावर एक नीट बसवलेल्या, चुन्याशिवाय. मी उतरलो. नऊ पायऱ्या मोकळ्या होत्या. पुढे माती. डाव्या भिंतीत एक कोनाडा होता, आणि कोनाड्याखाली हातभर रुंदीचा दगड, त्यावर अक्षरं.

मी उपरण्यानं धूळ पुसली. अक्षरं ओबडधोबड, पण देवनागरी. वरची ओळ स्वच्छ होती: शके १६४७ विश्वावसु नाम संवत्सरे. दुसऱ्या ओळीची सुरुवात झिजलेली, मग 'नाईक याची लेक'. त्याच्याखाली तिसरी ओळ सुरू होत होती, तिची फक्त शिरोरेघ दिसत होती. बाकी माती.

लेकीचं नाव तिथं होतं. मातीच्या चार बोटं खाली.

या मुलखात तांड्याच्या नाइकाच्या लेकीनं बारव बांधल्याची नोंद कुठल्याही पुस्तकात नव्हती. माझ्या तर नव्हतीच. मी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या टोकानं माती कोरायला सुरुवात केली आणि थांबलो. एकदम लक्षात आलं की हे माझं नव्हे. मी हे बाहेर नेलं की स्पीकरमधून पुन्हा तोच आवाज येणार आणि मी बटण दाबणार.

वरून नाथाबाबांनी विचारलं, "काय गावलं का?"

"नाही," मी म्हणालो. पेन्सिल खिशात घातली. कॅमेरा आणला होता, तो पिशवीतच ठेवला. फोटो काढले असते तर म्हातारा चार ठिकाणी बोलला असता.

मी वर आलो. नाथाबाबा म्हणाले, "मग सर, एक इचारू का? मागल्या आठवड्यात म्हैस पडली ह्याच्यात. दोरखंडानं वढून काढली, पाय मोडता मोडता वाचला. आता जेशीबी येतोय शेततळ्यासाठी. त्याच्याकडनं हे बुजवून घ्यावं म्हणतो. पण तुमी शिकलेलं मानूस. जुनं-पानं काय आसंल तर ऱ्हाऊ द्यायचं. काय करू?"

'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण 'थांबा' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का' आलं की मॅडम आल्या.

"तुमची जागा, तुम्ही बघा," मी म्हणालो. "तसं महत्त्वाचं काही नाही."

मनात मी हिशेब केला होता. जेसीबी काही लगेच येत नाही. दहावीचे पेपर संपले की उन्हाळ्यात एकटा येईन, अक्षरांचा कागदावर ठसा घेईन. मग नाथाबाबांना सांगेन. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढेन, आणि मुखपृष्ठावर तो दगड असेल.

मॅडमच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी चहा आणला. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काही नाही," मी सांगितलं. "शेतातल्या दगडांचा ढीग आहे. त्यावर झुडपं वाढलीत. वरून फोटोत तसं वाटतं."

"ढीग?"

"ढीग."

त्या थोडा वेळ लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही जाऊन आलात. नाहीतर मी सगळीकडे बारव बारव करत सुटले असते. हसं झालं असतं."

"होतं असं," मी म्हणालो. "फोटोवरून घाई करू नये." हे सांगताना माझा आवाज किती मायाळू झाला होता, ते मला अजून आठवतं.

त्यांनी त्या दिवसांत इंटरनेटवर हिवरढोकचा एक नकाशा सुरू केला होता. प्रत्येक जुन्या ठिकाणावर एक खूण, खुणेला बोट लावलं की चार ओळी माहिती. गावची पुण्या-मुंबईकडची माणसंसुद्धा तो बघायला लागली होती. संध्याकाळी मी शाळेच्या संगणकावर तो उघडला. बारापट्टीवर करड्या रंगाची खूण होती. खाली लिहिलं होतं: 'येथे जुनी वास्तू नाही. प्रत्यक्ष पाहणी: श्री. प्रल्हाद गाडिलकर सर.'

दहावीच्या पेपरांची तपासणी मेच्या पहिल्या आठवड्यात संपली. ठशासाठी कागद, शाई, मऊ ब्रश, पाण्याचा कॅन, छोटं खुरपं, सगळं घेऊन मी पहाटेच निघालो. गवळीमाळावर पोचलो आणि आधी वाटलं शेत चुकलं. झुडपं नव्हती. खड्डा नव्हता. कोपऱ्यात नवं शेततळं होतं, आणि त्यातून निघालेला मुरूम सगळीकडे सारखा पसरला होता. शेताच्या बांधाला ताजे फोडलेले दगड रचले होते. मी एकेक दगड उलटून पाहिला. दोन-तीन घडीव कडा सापडल्या. अक्षर एकही नाही.

मी बांधावर बसलो. त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते मी आजवर सिंधूलाही सांगितलेलं नाही. नाइकाची लेक आली नाही, बारव आली नाही. आलं ते असं, की चला, आता मॅडमनाही हे मिळणार नाही.

पाच-सात मिनिटं मला खरोखर हलकं वाटत होतं. मग कागदाची गुंडाळी हातात बघितली आणि ते हलकेपण गेलं.

मॅडमचं प्लास्टर निघालं, काठी आली, मग काठीही सुटली. त्या पोस्टात रुजू झाल्या. भेटल्या की विचारायच्या, "सर, नवीन काय?" मी म्हणायचो, "काही नाही." दुसरी आवृत्ती काढायचं मी मनातून काढून टाकलं होतं.

पुढच्या जानेवारीत एका रविवारी त्या रिक्षा घेऊनच माझ्या दारात आल्या.

"सर, गवळीमाळावर जाऊन येऊ. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय."

"तिथं काय बघणार? सांगितलं की मी."

"हो. पण उपग्रहाचे नवे फोटो आलेत. तुमचा ढीग नाहीसा झालाय."

रिक्षानं ओढा ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "मी तो जुना फोटो परत काढला. सकाळचा फोटो आहे तो. झाडांच्या सावल्या पश्चिमेकडे पडल्यात. ढीग असता तर त्याचीही पश्चिमेला, बाहेर पडली असती. याची सावली आतल्या बाजूला आहे, पूर्वेच्या काठाला. म्हणजे खड्डा होता."

मी रस्त्याकडे बघत होतो.

"हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, सर. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. पण तुम्ही पायांनी जाऊन आला होतात. मी म्हटलं, माझंच बघणं चुकत असेल."

नाथाबाबा शेतातच होते. आम्हाला बघून हातातलं फावडं टाकून आले. मॅडमनी ओळख करून दिली आणि विचारलं, "बाबा, इथं आधी काय होतं?"

"खड्डा व्हता की. पायऱ्यांचा." नाथाबाबांनी हातानं उतार दाखवला. "खाली कोनाडा, आन् त्याच्याखाली अक्षरांचा दगूड. आमची आजी दिवा लावायची तितं. सर उतरलं व्हतं की आत. लई वेळ बसलं व्हतं त्या दगडापाशी. इचारा त्यास्नी."

मॅडमनी मला विचारलं नाही. त्यांनी नाथाबाबांनाच विचारलं, "मग बुजवलं का?"

"म्हैस पडली व्हती. पन मी सरास्नी इचारलं बरं का बाई. म्हनलं, जुनं आसंल तर ऱ्हाऊ द्यू. सर म्हनलं, महत्त्वाचं काय न्हाय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर काळजी आली. "का वो सर? माझं काय चुकलं का?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही."

मॅडम शेताच्या मधोमध गेल्या. मोडलेला पाय अजून किंचित ओढत होत्या. मी जवळ गेलो.

"का, सर?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "ते तुम्ही शोधलं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी चेहरा फिरवला.

"मी तर ते तुमच्यासाठीच शोधलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकात घालायला."

परतताना मी त्यांना सगळं सांगितलं. पायऱ्या, कोनाडा, शके १६४७, विश्वावसु, नाईक याची लेक, आणि मातीखाली राहिलेलं नाव. त्यांनी ऐकून घेतलं. पोस्टापाशी उतरल्या, रिक्षावाल्याला मला घरापर्यंत सोडायला सांगितलं आणि आत गेल्या.

आठ दिवसांनी मी नकाशा उघडला. बारापट्टीवरची करडी खूण आता लाल होती, आणि नाव 'बारवपट्टी' झालं होतं. खाली लिहिलं होतं: 'जुना नकाशा, मोजणीची यादी व उपग्रहाचे फोटो यांवरून येथे बारव असल्याचे दिसते. शेतमालक श्री. नाथू ठुबे यांनी पायऱ्या, कोनाडा व अक्षरे कोरलेला दगड पाहिला आहे. इ. स. २०१३मध्ये बारव बुजवली गेली. दगडावरील मजकूर उपलब्ध नाही.'

मी तसाच उठून पोस्टात गेलो. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मॅडम टपालावर शिक्के मारत होत्या.

"मजकूर उपलब्ध नाही, असं लिहिलंत," मी जाळीतून म्हणालो. "मी सांगितला होता."

"हो."

"माझं नाव नको, नका घालू. पण ती ओळ घाला. ती मी वाचलीय."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन वेळा टाइप केली, सर. तीन वेळा पुसली. मला वाटतं, तुम्ही खरंच सांगताय. पण उद्या कुणी विचारलं, हे कशावरून, तर मी काय सांगू? गाडिलकर सर जाऊन बघून आलेत, असंच ना?" त्यांनी शिक्का पुन्हा उचलला. "ते मी एकदा लिहिलं होतं."

मागे एक बाई पाकीट घेऊन येऊन उभी राहिली. मी बाजूला झालो.

याला आता बारा वर्षं झाली. मी निवृत्त झालो. औटी मॅडमची बदली होऊन त्या संगमनेरकडे गेल्या. नकाशा अजून आहे, त्यावर आता शेकडो खुणा आहेत. कधीमधी कॉलेजची मुलं तो बघून गवळीमाळावर येतात आणि मग जुना माणूस म्हणून मला विचारायला येतात, की सर, त्या दगडावर काय असेल हो?

मी त्यांना सांगतो. शके सोळाशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कुणा नाइकाची लेक. मुलं वही काढून उतरून घेतात. मग त्यांतलं एखादं हुशार पोर पेन थांबवून विचारतंच, "सर, याला पुरावा?"

"नाही," मी सांगतो. "खोडून टाक."